गाडीचा निस्तेज रंग उजळायचा कसा: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

वर्षानुवर्षं उन्हात उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या बोनेटवरून कोरडं बोट फिरवून बघा. कधीकधी बोटाच्या टोकाला खडूसारखी भुकटी लागते. गाडी लाल असेल तर भुकटी गुलाबी, निळी असेल तर आकाशी. ही धूळ नाही, गाडीचा रंगच आहे. उन्हातले अतिनील किरण रंगातल्या रेझिनची, म्हणजे रंग बांधून ठेवणाऱ्या द्रव्याची, साखळी तोडतात, हवेतला ऑक्सिजन त्याला हातभार लावतो आणि वरचा थर कोरडा, सच्छिद्र, खडबडीत होत जातो. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश आरशासारखा परत पाठवतो, खडबडीत पृष्ठभाग तो चहूकडे विखुरतो. आपल्याला दिसणारा भुरकटपणा म्हणजे हे विखुरणं. आडव्या पत्र्यावर ऊन थेट आणि जास्त वेळ पडतं, म्हणून बोनेट, टप आणि डिकीचं झाकण आधी मरतं, दारं बरीच नंतर.

पॉलिश केलं की गाडीवर चकाकी चढते असं बहुतेकांना वाटतं. खरं तर आपण वरचा मेलेला थर अगदी बारीक घासून काढतो आणि खालचा धड रंग उघडा करतो. चकाकी त्या धड रंगाची असते. म्हणजे दर वेळी रंग थोडा कमी होतो आणि तो परत येत नाही. आजच्या गाडीवर कारखान्यातून येणारे रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट असतो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. जोरकस कंपाउंड, म्हणजे जास्त खरखरीत कणांचं पॉलिश, मारलं तर दोन-चार मायक्रॉन सहज जातात. पुढे जे जे सांगणार आहे ते सगळं या एका हिशेबावर उभं आहे: कमीत कमी रंग काढून काम भागवायचं.

आधी रंगाची जात ओळखा

मशीन विकत घेण्याआधी हे करा. पांढरं मायक्रोफायबर फडकं घ्या (गाडी पांढरी असेल तर गडद), त्यावर थोडं पॉलिश घ्या आणि नजरेत न भरणाऱ्या जागी, म्हणजे दाराच्या खालच्या बाजूला वगैरे, दहा-पंधरा वेळा घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर तो सिंगल स्टेज रंग आहे, म्हणजे वर क्लिअर कोट नाही. जुन्या गाड्यांवर आणि काही साध्या पांढऱ्या, लाल रंगांवर हा सापडतो. फडकं फक्त मळकट झालं तर क्लिअर कोट आहे. मेटॅलिक रंग असेल तर बहुतेक वेळा क्लिअर कोट असतोच. एखादा पत्रा अपघातानंतर पुन्हा रंगवलेला असू शकतो, म्हणून ही चाचणी दोन-तीन ठिकाणी करा.

सिंगल स्टेज रंग मेला की भुकटी सुटते, आणि तो उजळणं तुलनेनं सोपं असतं. क्लिअर कोट मात्र आधी धूसर होतो, त्यावर जाळीसारखे बारीक गोल ओरखडे दिसतात, आणि मग एक दिवस तो सुटायला लागतो. टपावर किंवा बोनेटवर पांढरट डाग, त्यांच्या कडा नकाशातल्या किनाऱ्यासारख्या वेड्यावाकड्या, आणि कडेवर नख फिरवलं तर हलकीशी पायरी लागते. हे दिसलं तर थांबा. तिथला क्लिअर कोट तुटला आहे आणि कोणतंही कंपाउंड, वॅक्स किंवा कोटिंग तो परत आणत नाही. घासलं तर सोललेली कड आणखी पसरते. तो पत्रा पुन्हा रंगवणं हाच इलाज. हे मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण रंग सोलला आहे हे न कळल्यामुळे दोन-दोन दिवस घाम गाळून शेवटी हिरमुसलेली माणसं मी पाहिली आहेत.

ओरखड्यांसाठीही नखाचीच कसोटी. नख अडकलं तर तो ओरखडा पॉलिशनं जाणार नाही. त्याची कड थोडी मऊ होईल, तो कमी दिसेल, तेवढ्यावर समाधान मानायचं.

शक्य असेल तर रंगाची जाडी मोजणारं छोटं मीटर मागून आणा. ते लोखंडी आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चालतं. साधं मीटर प्लॅस्टिकच्या बंपरवर काहीच सांगत नाही. सगळीकडे ११०–१२० दाखवणारं मीटर एकाच पत्र्यावर ८० दाखवू लागलं, तर तिथे कुणीतरी आधीच भरपूर घासलेलं आहे. एकाच पत्र्यावर २०० च्या वर आकडा आला तर तो बहुधा पुन्हा रंगवलेला आहे. मात्र मीटर सगळ्या थरांची एकत्र जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरला ते सांगत नाही.

मशीन कोणतं

हातानं काम होतं का? एखादं दार, छोटा डाग, सिंगल स्टेज रंगाचं बोनेट, एवढं हातानं होतं. क्लिअर कोटची अख्खी गाडी हातानं घासायची म्हटलं तर खांदे भरून येतात आणि काम सगळीकडे सारखं होत नाही.

पहिल्यांदाच करणाऱ्यानं ड्युअल अॅक्शन मशीन घ्यावं, ज्याला सगळे डीए म्हणतात. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय लहानशा वर्तुळात डोलतं. जास्त दाब दिला तर फिरणं मंदावतं किंवा थांबतं, त्यामुळे रंग जाळायला बरंच चुकावं लागतं. रोटरी मशीन, जे गॅरेजमध्ये दिसतं, एकाच अक्षावर जोरात फिरतं. अनुभवी हातात ते झरझर काम करतं. नवख्या हातात एका जागी क्षणभर जास्त रेंगाळलं तरी रंग जाळतं, आणि नीट फिनिश केलं नाही तर उन्हात तरंगणारे पट्टे मागे सोडतं.

माझी चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत रोटरीनं एका निळ्या गाडीचं दार करत होतो. दाराच्या मध्यावरून पत्र्याची जी उठलेली घडी जाते, तिच्यावरून पॅड आडवं नेलं. पांढऱ्या पॅडवर एकदम निळा पट्टा उमटला. क्लिअर कोटच्या गाडीत पॅडला रंग लागला म्हणजे क्लिअर संपला. मशीन उचलेपर्यंत सेकंदभर गेला असेल, पण घडीवर बोटभर लांबीची फिकट रेघ राहिली ती राहिलीच. ते दार पुन्हा रंगवावं लागलं. घड्यांवर आणि कडांवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि पॅडचा सगळा दाब त्या अरुंद रेषेवर येतो. तेव्हापासून मी अशा प्रत्येक घडीवर मास्किंग टेप लावतो, मशीन कोणतंही असो.

बाकीचं सामान थोडकंच: पाच-सहा मऊ पॉलिशिंग पॅड आणि जास्त कापणारी दोन-तीन कटिंग पॅड, एक कंपाउंड, एक बारीक पॉलिश, क्ले बार (रंगात रुतलेले कण ओढून काढणारा मातीसारखा गोळा), मास्किंग टेप, डझन-दीड डझन चांगली मायक्रोफायबर फडकी, एक जोरदार एलईडी टॉर्च. पॅडमध्ये काटकसर करू नका. एकाच पॅडवर अख्खी गाडी करायला गेलात तर अर्ध्या वाटेत ते कंपाउंडनं भरून जातं, तापतं आणि कापायचं सोडून नुसतं सारवत बसतं. डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मास्क, हातात मोजे. वायर खांद्यावरून मागे टाका, म्हणजे ती रंगावर घासत नाही.

धुणं आणि क्ले

सावलीत, थंड पत्र्यावर. दोन बादल्या: एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मिट (धुण्याचा हातमोजा) शाम्पूत बुडवा, एक पत्रा धुवा, साध्या पाण्यात खळखळून काढा, मग पुन्हा शाम्पूत. वरून खाली या, कारण खालच्या भागात वाळू जास्त असते. चाकं आधी आणि वेगळ्या मिटनं. बरेच जण हे धुणं उरकून टाकतात. राहिलेला एक वाळूचा कण पॅडखाली आला तर तो दहा मिनिटांत पन्नास नवे ओरखडे काढतो.

धुतल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोनेटवरून बोटं अलगद फिरवा. उघड्या बोटाला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक असं काय काय रंगात रुतलेलं असतं. लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर फवारा. काही मिनिटांत जांभळे ओघळ दिसायला लागतात. तो वाळू देऊ नका, भरपूर पाण्यानं धुऊन काढा. डांबराला टार रिमूव्हर.

मग क्ले बार. तो मळून तीन बोटांएवढा चपटा करा, पत्र्यावर क्लेचं ल्युब्रिकंट सढळ हातानं फवारा आणि क्ले सरळ रेषेत, जवळजवळ दाब न देता फिरवा. आधी तो अडखळतो, करकर आवाज येतो. कण निघाले की आवाज थांबतो आणि क्ले पाण्यावर सरकल्यासारखा सरकतो. दर दोन हात फिरवल्यावर घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. क्ले जमिनीवर पडला तर तो टाकून द्या, पुसून वापरू नका. क्ले स्वतःही पुसट रेषा ठेवतो, म्हणून पुढे पॉलिश करणार असाल तरच तो फिरवा.

गाडी पूर्ण कोरडी करा. रबरी पट्ट्या, काळं प्लॅस्टिक, बोधचिन्हं, दिव्यांच्या कडा, पत्र्यांच्या कडा आणि घड्या यांवर टेप लावा. काळ्या खरबरीत प्लॅस्टिकवर कंपाउंड वाळलं की पांढरे डाग पडतात आणि ते काढताना फार वेळ जातो.

चाचणीचा चौकोन

सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच. बोनेटच्या सपाट भागावर टेपनं साधारण ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा आणि सगळे प्रयोग फक्त त्या चौकोनात करा. प्रत्येक गाडीचा क्लिअर कोट वेगळा असतो. काही इतके कडक की कंपाउंडलाही दाद देत नाहीत, काही इतके मऊ की फडक्यानंही खुणा पडतात. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, तुमच्या रंगाला काय चालतं ते हा चौकोनच सांगतो.

सुरुवात सर्वांत सौम्य जोडीनं: मऊ पॉलिशिंग पॅड आणि बारीक पॉलिश. पुसा, टॉर्च तिरकी धरून बघा. पुरेसं वाटलं तर झालं, अख्खी गाडी याच जोडीनं करा. पुरेसं नसेल तर आधी फक्त पॅड बदला, पॉलिश तेच ठेवा. तरीही धूसर दिसत असेल तर कटिंग पॅडवर कंपाउंड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

थांबायचं कुठे? सौम्य जोडीनं दहातले आठ ओरखडे गेले आणि रंगाला खोली आली, तर मी तिथे थांबतो. उरलेल्या दोनांसाठी लागणारे मायक्रॉन पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवणं मला जास्त पटतं. रोज उन्हात फिरणाऱ्या गाडीवर ते दोन ओरखडे टॉर्चशिवाय कुणाला दिसतही नाहीत. २००० किंवा ३००० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाणी मारून घासण्याचे व्हिडिओ बघून मोह होतो, पण पहिल्या गाडीवर ते करू नका. पेपर भराभरा क्लिअर खातो, आणि त्याच्या खुणा काढायला पुन्हा कंपाउंड मारावं लागतं.

मशीन फिरवताना

बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड जिच्यावर बसतं त्या तबकडीच्या, कडेवर मार्करनं एक ठळक रेघ मारा. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. रेघ जागेवर थरथरत असेल तर तुम्ही जास्त दाबताय किंवा पॅड तिरकं धरलंय, आणि काम होत नाहीये. नवशिक्यासाठी एवढी एक खूण शंभर सूचनांच्या तोडीची आहे.

कोऱ्या पॅडवर थोडं पॉलिश बोटांनी पसरून पृष्ठभाग ओलसर करा, मग वाटाण्याएवढे चार-पाच थेंब टाका. पॅड पत्र्यावर टेकवून मगच मशीन सुरू करा, आणि थांबवतानाही पत्र्यावरच थांबू द्या. हवेत फिरवलं तर पॉलिशचे शिंतोडे गाडीभर उडतात. सर्वांत कमी वेगावर चौकोनभर सारवा, मग मशीनवरचा वेगाचा आकडा चार-पाचवर न्या. आता हात सावकाश: सेकंदाला दोन ते तीन सेंटिमीटर. हा वेग पहिल्यांदा कंटाळवाणा वाटतो, आणि जवळजवळ प्रत्येक नवशिका याच्या तिप्पट वेगानं मशीन पळवतो. एक ओळ आडवी, पुढची ओळ तिच्यावर निम्मी चढवून. चौकोन आडवा झाला की उभा. असे चार ते सहा फेरे. मशीनच्या वजनात हाताचं थोडंसं वजन घाला, बास.

फेरे पूर्ण झाले की पॉलिशचा पातळ, जवळजवळ पारदर्शक थर दिसतो. स्वच्छ फडक्यानं हलक्या हातानं पुसा. पॅड ब्रशनं झाडा किंवा टॉवेलवर धरून फिरवा, दर चौकोनानंतर. मग तळहात पत्र्यावर ठेवा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर थांबा, गार होऊ द्या. प्लॅस्टिकच्या बंपरवर जास्त जपा, कारण प्लॅस्टिक पत्र्यासारखं उष्णता पसरवत नाही, एकाच जागी साठवतं. तिथे वेग एक घर कमी ठेवा.

कंपाउंड वापरलं असेल तर त्याच्या मागे अंधुक धुकं राहतं, गडद रंगावर विशेष. त्यावर मऊ पॅड आणि बारीक पॉलिशचा एक फेरा द्या. काळ्या गाडीत खरी चमक या फेऱ्यात उघडते.

फसवणूक इथेच होते, म्हणून सांगतो. बहुतेक पॉलिशमध्ये तेलं असतात. ती बारीक ओरखडे भरून टाकतात, गाडी झकास दिसते, आणि दोन-तीन धुण्यांत सगळे ओरखडे पुन्हा हजर. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार-पाच भाग पाणी एकत्र करून फवारा, पुसा आणि मग टॉर्च धरा. तेव्हा दिसेल ते खरं काम. चाचणीच्या चौकोनातही निर्णय घ्यायच्या आधी हेच करा.

सिंगल स्टेज रंग असेल तर

इथे पॅडला गाडीचा रंग लागणारच, घाबरू नका. मात्र पॅड लवकर भरतं, म्हणून बदलायला जास्तीची पॅड हाताशी असू द्या. फार जुना, सुकून गेलेला रंग थेट कंपाउंडनं घासायचा नाही. आधी त्याला तेल पाजावं लागतं. तेलयुक्त ग्लेझ (यासाठी मेग्वायर्सचं नंबर ७ प्रसिद्ध आहे) जाड हातानं चोळा, रात्रभर तसंच राहू द्या, दुसऱ्या दिवशी पुसा. पहिल्या दिवशी रंग ते अक्षरशः पिऊन टाकतो. तासाभरात पत्रा पुन्हा कोरडा दिसतो. दोन-तीनदा केल्यावर तो पिणं कमी करतो, आणि फडक्यावर भुकटीऐवजी गडद, ओलसर रंग येऊ लागतो. मग बारीक पॉलिशचा एक हात बहुधा पुरतो. तीस वर्षं उन्हात राहिलेला गुलाबी पडलेला पत्रा या रीतीनं पुन्हा लाल होताना बघणं मला या साऱ्या कामात सर्वांत आवडतं.

वर संरक्षण

घासलेल्या रंगावर आता काहीच आवरण नाही, म्हणून शक्यतो त्याच दिवशी ते द्या. कार्नोबा वॅक्स सोपं आणि उबदार दिसणारं, पण ते महिना-दोन महिन्यांत उतरतं. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने टिकतं. सिरॅमिक कोटिंग वर्षभर किंवा जास्त टिकतं, मात्र त्याआधी तेल पूर्ण काढावं लागतं, वेळेत पुसावं लागतं आणि पहिला दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही. पहिल्या गाडीला मी सीलंट सुचवेन. ते लावताना चूक झाली तरी पुसून पुन्हा लावता येतं. काहीही लावा, थर अगदी पातळ. जाड थर जास्त टिकत नाही, फक्त पुसायला त्रास देतो.

टूथपेस्ट आणि रॉकेल यांचे घरगुती उपाय टाळा. टूथपेस्टचे खरखरीत कण गाडीच्या रंगाच्या हिशेबानं बनवलेले नसतात, आणि रॉकेलची चमक म्हणजे वर आलेला तेलकटपणा. तो उडाला की पत्रा पूर्वीसारखाच.

पुढे गाडी शक्यतो सावलीत उभी करा. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी ओली करून काढा. उन्हात ती क्लिअरमध्ये खड्डा पाडते. आणि कोरड्या फडक्यानं धूळ झटकू नका. गोल जाळीसारखे ओरखडे बहुतेक वेळा त्या फडक्यातूनच येतात.

पॅड कोमट पाण्यात साबण घालून त्याच संध्याकाळी धुवा, वाळलेलं कंपाउंड नंतर निघत नाही. मायक्रोफायबर सुती कपड्यांपासून वेगळं धुवा, फॅब्रिक कंडिशनर घालू नका. आणि गाडीच्या कागदपत्रांत एक चिठ्ठी ठेवा: तारीख, कोणत्या पत्र्यावर कोणतं पॅड, कोणतं कंपाउंड, किती फेरे, मीटर असेल तर आधीचा आणि नंतरचा आकडा. पुढच्या वेळी, तुम्ही असा वा दुसरं कुणी, किती रंग आधीच गेला आहे ते त्या चिठ्ठीवरून कळेल.